बिननावाचा खंड्या

रोज सकाळी मी स्क्रीन चालू केली की कॉम्प्युटर मला एकच प्रश्न विचारतो. नवीन सिस्टिम आली आहे, आत्ता घालायची की नंतर? मी ‘नंतर’वर टिचकी मारते आणि चहा ठेवायला आत जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माणूस असता तर एव्हाना रुसून बसला असता, पण यंत्र ते यंत्र. त्याच्या तोंडावर कितीही वेळा दार लावलं तरी त्याला काही वाटत नाही. हल्ली माझंही तसंच झालंय, त्यामुळे आमचं दोघांचं बरं जमतं.

आमचा भरतकामाचा कारखाना आहे. कारखाना हा शब्द ह्यांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा. आहेत नुसत्या दोन खोल्या. एकीत कॉम्प्युटर, दुसरीत मशीन, आणि मधे एक दार, ज्याला कधी कडी लागली नाही. शाळांचे बिल्ले, हॉटेलात काम करणाऱ्यांच्या शर्टावरची नावं, क्लबांच्या टोप्या, असलं सगळं आम्ही करतो. ह्यांनी कॉम्प्युटरवर टाके आखायचे. म्हणजे नुसतं चित्र काढायचं नाही, तर सुई कुठून निघणार, आधी कुठे जाणार, नंतर कुठे वळणार, ते सगळं ठरवून द्यायचं. मी मशीनवर. कापड रिंगेत ताणून बसवायचं, रिळं लावायची, बॉबिन भरायची, आणि सुई तुटली की ह्यांच्या नावाने शंख करायचा. सगळा संसार असाच गेला. ते स्क्रीनकडे बघत बसले, मी सुईकडे बघत उभी राहिले.

ह्यांना जाऊन आता बरेच महिने झाले. आजारपण नाही, हॉस्पिटल नाही, काही नाही. खुर्चीतून उठले, म्हणाले, “पाय जरा मोकळे करून येतो,” आणि बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले ते बसलेच. मी आत बॉबिन भरत होते. लोक मला हळू आवाजात विचारायचे, शेवटचं काय बोलले हो? सांगितलं की त्यांचा चेहरा पडायचा. आता माणूस काय जाताना भाषण ठोकतो?

मी रडले नाही. माझी नणंद म्हणाली, “धक्का बसलाय तुला, येईल रडू.” वन्संचा शब्द म्हणून मी वाट बघितली. नाही आलं. मग नादच सोडला. भूक लागलेली कळत नाही, चहा गार झाला तरी पिऊन टाकते. मध्यंतरी इस्त्रीला हात लागला, तर मी हात मागे घ्यायच्या आधी वासाने कळलं की भाजलंय. वन्संनी मलम लावलं आणि स्वतःच हुंदके देत बसल्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. कुणीतरी फिरवायला हवा ना.

तर त्या स्क्रीनवर एक पक्षी आहे. खंड्या. पोहण्याच्या क्लबाचा बिल्ला होता तो. ह्यांनी करायला घेतला आणि अर्धा टाकून उठले. पोट आहे, पाठ आहे, डोकं आहे, एका बाजूचा पंख आहे. चोच अर्धी आणि डोळा नाही. डोळा ते नेहमी शेवटी करायचे. वाघ असो, घोडा असो, नाहीतर शाळेच्या बिल्ल्यावरचं घुबड असो, डोळा शेवटी. क्लबवाल्यांनी चार दिवस वाट पाहिली आणि काम दुसरीकडे दिलं. बरोबरच आहे, त्यांची पोरं काय बिल्ल्यावाचून पाण्यात उतरायची थांबणार होती?

पण खंड्या स्क्रीनवर राहिला. कारण ह्यांचा एक नियम होता, अर्धवट कामाला नाव द्यायचं नाही. काम पुरं झालं की मगच ते सेव्ह करायचे, आणि सेव्ह करताना नाव द्यायचे. तोवर फाइल तशीच उघडी. कॉम्प्युटर बंद म्हणून करायचे नाहीत, नुसती स्क्रीन विझवून घरी यायचे. “नाव दिलं की काम झाल्यासारखं वाटतं, आणि मग हात आळशी होतो,” म्हणायचे. ह्या हट्टापायी दोनतीन वेळा अख्खी डिझाइनं उडाली. मी बोलायचं ते बोलून घेतलं. ते म्हणायचे, “पुन्हा काढीन, पहिल्यापेक्षा चांगलं होईल.” आणि व्हायचंही, मेलं.

म्हणजे आता ते शेवटचं काम बिननावाचं, सेव्ह न केलेलं, नुसतं उघडं पडलेलं. कॉम्प्युटर बंद झाला की ते गेलं. आणि नवीन सिस्टिम घालायची म्हणजे कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करायचा. तेवढं मला कळतं. बाकी त्या स्क्रीनवरचं मला काही कळत नाही. रंगीत रेघांचा गुंता नुसता. मला कापडावरचं कळतं.

आमचे चिरंजीव एका छापखान्याच्या ऑफिसात कामाला आहेत. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी कारखान्यात येतात, नावंबिवं आखून देतात, ऑर्डरींचे निरोप बघतात. मुलगा चांगला आहे. पण ह्याला बापाचं काही वाटतं की नाही, असं मला वाटायचं. बाप गेल्यावर ह्याने पहिलं मोठं काम काय केलं? तर कॉम्प्युटरखालची बॅटरी बदलली. वीज गेली की कॉम्प्युटर विझू नये म्हणून असते ती. एक दिवस टेबलाखाली घुसला आणि नवी बसवून बाहेर आला. मी म्हटलं, “घरात माणूस गेलंय आणि तुला बॅटरी सुचतेय?” तर म्हणे, “जुनी झाली होती आई.” डोक्यावर कोळ्याची जाळी, गुडघ्यांना धूळ. मी पुढे काही बोलले नाही. बोलायला राग यावा लागतो, आणि तोही धड येत नव्हता.

‘नंतर’ दाबायचे दिवस संपत आले ते गेल्या आठवड्यात. शाळेचं काम आलं. आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, त्यांच्या बिल्ल्यांवरच वर्ष निघतं म्हणा ना. त्यांनी ह्या वेळी बिल्ला बदललाय, आणि नवीन चित्र जे पाठवलं ते आमच्या कॉम्प्युटरवर उघडेचना. चिरंजीवांनी बरीच खटपट केली, मग खुर्ची मागे सरकवली.

“आई, आता होत नाही. जुनी सिस्टिम हे घेतच नाही. नवीन घालू, त्यावर टाके आखायचा नवीन प्रोग्रॅम घालू. जुनी डिझाइनं त्यात येतील. सोमवारी काम सुरू करायचंय त्यांचं.”

“सगळी येतील?”

“सेव्ह केलेली सगळी.”

तो माझ्याकडे बघत होता, मी खंड्याकडे.

“एक बटण आहे आई. सेव्ह कर आणि मोकळी हो.”

“नाव मागेल ते.”

“दे की काहीतरी.”

“काहीतरी? तुझ्या बापाचं शेवटचं काम आणि नाव काहीतरी?”

“बरं, नको. मग तू म्हण काय करायचं. शाळेला नाही कळवू?”

आमच्या वन्संना असल्या वेळी अचूक वास लागतो. त्या त्याच वेळी दारात. रोज दुपारी येतात, मला सोबत म्हणून. खरं तर त्यांनाच सोबत हवी असते, भाऊ गेलाय त्यांचा. पण तसं म्हणायचं नाही, म्हणून मला सोबत. सगळं ऐकून घेऊन त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली.

“अगं, माझ्या फोनने तर मला विचारलंसुद्धा नाही. सकाळी उठून बघते तर सगळं बदललेलं. फोनचं चित्र कुठे, घड्याळ कुठे. दोन दिवस मला नुसतं रडू येत होतं, मग झाली सवय.”

मनात म्हटलं, नशीबवान आहात, फोनसाठी तरी येतं.

“तुला तरी हा विचारतोय,” वन्सं पुढे म्हणाल्या. “मी तर म्हणते, दादाचं ते चित्र काढून घे फोटोत, लाव भिंतीवर, आणि होऊ दे काय व्हायचं ते. दादा काय त्या डब्यात बसलाय?”

“मी कुठे म्हटलं बसलाय म्हणून.”

“मग?”

मग काय, ते मला सांगता आलं असतं तर काय हवं होतं. मला तिथे ते दिसत नव्हते, भास होत नव्हते, काही नाही. रोज सकाळी स्क्रीन लावायची, खंड्या आहे ना बघायचं, आणि ‘नंतर’ दाबायचं. एवढं केलं की पुढचा दिवस ढकलता यायचा. ते काढून घेतलं तर सकाळी उठून मी काय करायचं, हा प्रश्न होता. इतका साधा. पण असं कुणाला सांगितलं की लोक आपल्याला डॉक्टरकडे न्यायच्या गोष्टी करतात.

वन्सं गेल्यावर चिरंजीव पुन्हा म्हणाले, “आई, सेव्ह कर ना प्लीज.” आणि मी तोंडाला येईल ते बोलले. जिवात राग नव्हता, पण शब्द होते, ते आपले येत गेले.

“तुला काय रे, तुझा जीव थोडाच अडकलाय कशात. माणूस गेला, आता त्याची खुर्ची, त्याचा कॉम्प्युटर, त्याचं सगळं एकदाचं निघालं की तू सुटलास. तुझा बाप होता तो. शेजारचा भाडेकरू नव्हता.”

तो उभा राहिला. वाटलं, आता उलटून बोलेल. बोलला असता तर बरं झालं असतं. त्याने टेबलावरचे दोन्ही कप उचलले आणि आत जाऊन विसळायला लागला. कप दोनच होते, पण पाणी बराच वेळ वाहत होतं. मला कळत होतं की आपण फार लागेल असं बोललो. कळलं, आणि पुढे काही झालं नाही. आतून कुणीतरी ‘आई गं’ म्हणतं ना, ते म्हणायला घरी कुणी नव्हतं.

शनिवारी दुपारी मी मशीन पुसत होते. मशीन रोज पुसावं लागतं, धाग्यांची लव बसते. पुसता पुसता मला सुचलं. सुचलं कसलं, इतके महिने समोर होतं. मला स्क्रीन वाचता येत नाही, पण सुई येते. ह्यांचं डिझाइन मशीनवर लावलं की सुई त्याच क्रमाने जाते, ज्या क्रमाने ह्यांनी आखलं. कुठून सुरू केलं, मग कुठे वळले, कुठे दोरा लपवला, सगळं जसंच्या तसं. म्हणजे एकदा तो खंड्या कापडावर उतरवला की ह्यांचा हात पहिल्यापासून शेवटपर्यंत मला चालताना दिसेल. आणि मशीनकडे पाठवायला नाव लागत नाही. वायर आहे, बटण दाबलं की जातं. मग होऊ दे कॉम्प्युटर बंद.

मी कॉम्प्युटरच्या खोलीत गेले. चिरंजीव शाळेला काय कळवायचं ते लिहीत बसले होते.

“खंड्या मशीनवर पाठव,” मी म्हटलं.

तो दचकला. “कशाला?”

“काढून बघायचाय.”

“अर्धवट आहे आई. कापड वाया जाईल.”

“माझं कापड आहे.”

“मी स्क्रीनचा फोटो काढून देतो ना. मोठा करून, छान कागदावर. आमच्याकडे छापून आणतो.”

“मला फोटो नकोय. ह्यांच्या कामाचा फोटो काढत बसू? पाठव म्हटलं ना.”

“आई, ऐक ना...”

“उद्या तू म्हणशील ते बटण दाबते. सिस्टिम घाल, प्रोग्रॅम घाल, भिंती पाड. पण आधी हे.”

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं ह्याला बरं नाहीये. मग त्याने मान खाली घातली आणि बटण दाबलं.

मी चांगलं जाड पांढरं कापड घेतलं, खाली कागदी अस्तर लावलं, रिंगेत ताणून बसवलं. बोटाने वाजवून बघितलं, नीट वाजलं. निळं रीळ, नारिंगी, पांढरं, काळं. मशीन चालू केलं.

पहिला नारिंगी. पोट. सुई बरोबर पोटाच्या मधे उतरली आणि तिथून बाहेर बाहेर जायला लागली. मला माहीतच होतं. ह्यांचा दुसरा नियम तो, मधून बाहेर. कडेकडून आत आलं की कापड मधे गोळा होतं, चुण्या पडतात. मधून बाहेर गेलं की कापड आपोआप पसरत जातं. मी मशीनवर नवीन होते तेव्हा हे मला शिकवायला गेले होते, तर मी म्हटलं होतं, पोळपाट-लाटणं मी तुमच्याआधी हातात घेतलंय, मला नका शिकवू. त्यावर किती हसले होते. बहिणीला सांगितलं, मित्रांना सांगितलं, दुकानात येईल त्याला सांगितलं.

मग पाठ, निळी. मधून सुरू, मग वर, मग खाली. एका ठिकाणी सुईला लांब उडी मारायची होती, तर तिने ती उडी अशा जागी मारली की पुढचे टाके तिच्यावरून जाऊन ती झाकली जावी. ह्यांचं काम. मग गळ्याखालचा पांढरा ठिपका. मग डोकं. मी उभी राहून बघत होते. मला वाटलं होतं, आता तरी काही होईल, छातीत दुखेल, डोळे भरून येतील. नाही. बरोबर चाललंय, एवढंच वाटत होतं. पुढचा टाका कुठे पडणार ते मला आधी कळत होतं आणि तो तिथेच पडत होता. कितीतरी दिवसांत इतकं निवांत वाटलं नव्हतं, पण ते निवांतपण म्हणजे झोपेतल्यासारखं.

चिरंजीव मधल्या दारात येऊन उभे राहिले होते.

मग पंख आला, आणि माझ्या कानाला आधी कळलं. मशीनचा आवाज बदलला. थांब, उडी, थांब, उडी. बघते तर सुई पंखाच्या डाव्या टोकाला उतरलेली. मधलं पीस आधी, मग त्याच्या अल्याडचं, मग पल्याडचं, असं ह्यांनी केलं असतं. सुई डावीकडून निघाली आणि एकेक पीस करत उजवीकडे जायला लागली, पाटीवर अक्षरं काढत जावं तशी. दोन पिसांमधल्या उड्यांचे दोरे उघडे पडले. पाचव्या पिसापर्यंत कापड ओढलं गेलं होतं आणि पंखाच्या कडेला बारीक चुण्या दिसायला लागल्या.

मी मशीन थांबवलं नाही. पंख झाला, अर्धी चोच झाली, मशीन थांबलं आणि शीळ घातली. काम संपलं की घालतं. मी वाकून पंखावर बोट फिरवलं. चुण्या हाताला लागत होत्या. असलं काम ह्यांनी झोपेत केलं नसतं.

मान वर केली तर मुलगा दाराची चौकट धरून उभा होता.

“हा पंख कुणी केला?”

त्याने रिंगेतल्या कापडाकडे बघितलं.

“मी विचारतेय, हा पंख कुणी केला?”

“तू आत्याकडे राहायला गेली होतीस ना, बाबा गेल्यावर,” तो म्हणाला. “तेव्हा वीज गेली होती. बॅटरी म्हातारी झालेली, तिने दम धरला नाही. मी आलो तर स्क्रीन काळी.”

“मग?”

“चालू केला. प्रोग्रॅम आपलं आपण थोडं थोडं ठेवत असतो, तेवढं परत मिळालं. पोट, पाठ, डोकं. पंख नव्हता, चोच नव्हती.” त्याचा आवाज अगदी सपाट होता. “तू दुसऱ्या दिवशी येणार होतीस. मी आठवून काढला. दिसायला कसा होता ते आठवत होतं. पण बाबांनी सुरू कुठून केला होता ते मी कधी बघितलंच नव्हतं. त्यांच्या मागे उभं राहून कधी बघितलंच नाही मी आई.”

“माझ्या लक्षात कसं नाही आलं?”

“स्क्रीनवर तसाच दिसतो. परत मिळालेल्या फाइलवर प्रोग्रॅम आपलंच काहीतरी नाव टाकतो, म्हणून सगळं उचलून कोऱ्या फाइलीत घातलं. बिननावाचं दिसावं म्हणून.”

आता मला राग यायला हवा होता. मी कितीतरी महिने ज्याची राखण करत बसले ते तर केव्हाच जाऊन आलं होतं, आणि ह्या पोराने मला सांगितलं नव्हतं. मी रागाची वाट बघितली. पण मला आठवत राहिलं ते वेगळंच, त्याच्या डोक्यावरची जाळी आणि गुडघ्यांची धूळ. नवी बॅटरी. आणि परवाचे ते दोन कप.

“तेव्हाच सेव्ह करून टाकायचंस की,” मी म्हटलं. “एकदा गेलेलं बघितलंस, मग तरी.”

“बाबा अर्धवट काम सेव्ह करायचे नाहीत.”

“अरे, मग मला कशाला रोज पिडत होतास, सेव्ह कर, सेव्ह कर म्हणून?”

“माझ्याच्याने होत नव्हतं म्हणून,” तो म्हणाला. “दोनतीनदा बसलो. नाव काय ते विचारतं, आणि मग मी उठतो. वाटलं, तू करशील.”

आम्ही दोघं तिथे उभे. मशीन परत एकदा शिटी घालून गप्प झालं. मी त्याच्याकडे नीट बघितलं. दाढी वाढलेली, शर्ट इस्त्री न केलेला. हा जेवतो का, हे मी कधीपासून विचारलं नव्हतं? घरात दोन माणसं, आणि दोघं एका आंधळ्या खंड्यावर पहारा देत बसलेली, एकमेकांच्या चोरून.

“कापड रिंगेतच राहू दे,” मी म्हटलं. “बस खुर्चीवर. चोच पुरी कर. डोळा कर.”

“मला बाबांसारखा नाही जमणार.”

“नाहीच जमणार. पंख बघ की काय केलायस, पिशवीच्या नाडीसारखा गोळा झालाय. बस.”

तो बसला. मी त्याच्या खुर्चीमागे उभी राहिले. इतकी वर्षं त्या खोलीत मी कधी खुर्चीमागे उभी राहिले नव्हते, नुसतं दारातून ओरडायचे. त्याने चोचीचं टोक ओढलं, पुसलं, परत ओढलं. मग डोळ्यापाशी आला आणि थांबला.

“मधून सुरू कर,” मी म्हटलं. “मधून बाहेर.”

डोळा म्हणजे असतो किती, मूठभरसुद्धा टाके नाहीत. त्याने उरलेलं तेवढं मशीनवर पाठवलं, मी काळा धागा लावला, सुई बरोबर मधे उतरली आणि दोन गोल फेरे घेऊन थांबली. खंड्या बघायला लागला. पंख वाकडाच होता. मी दोरा कापला.

“सेव्ह कर,” मी आतूनच म्हटलं.

“नाव?”

“खंड्या. दुसरं काय.”

टकटक ऐकू आलं, मग नाही आलं. मी कॉम्प्युटरपाशी गेले. नाव दिलं होतं, खंड्याची फाइल मिटली होती, आणि मागे तो रोजचा प्रश्न होता. आत्ता की नंतर. मुलाने हात मागे घेतला होता. म्हणून मी पुढे झाले आणि ‘आत्ता’ दाबलं.

स्क्रीन काळी झाली. मला कुणीतरी पायरीवरून ढकलल्यासारखं वाटलं. मी खुर्चीची पाठ पकडली. एका हातात कात्री होती तशीच. इस्त्रीने भाजलं होतं ती जागा दुखत होती, केव्हाच बरी झालेली. मला वाईट वाटत होतं. सांगता येणार नाही इतकं वाईट वाटत होतं.

मुलगा घाबरून उठला. “आई, काही झालं नाहीये. येते परत. थोडा वेळ लागतो फक्त.”

“सिस्टिम येईल रे,” मी म्हटलं.

त्याने माझ्या हातातली कात्री काढून घेतली, टेबलावर ठेवली, आणि मग मला रडू आलं.